फिल्टर घेण्याआधी गॉगल लावून बघा!

जून उजाडला की कॉलेजच्या फोटोग्राफी ग्रुपवर एक प्रश्न पडतोच पडतो. ‘वाइड लेन्स घेतलीय, फिल्टर कोणता घेऊ?’ मग उत्तरांचा पाऊस सुरू. कुणी म्हणतं, यूव्ही तर मस्टच. कुणी सीपीएल सुचवतं, कुणी १० स्टॉपचा एनडी. एखादा उत्साही दादा चौकोनी फिल्टरचा होल्डरसकट अख्खा सेट घ्यायला सांगतो. शेवटी कुणीतरी ऑनलाइन सेलमधल्या कॉम्बोची लिंक टाकतं. एका पाऊचमध्ये सात-आठ फिल्टर, किंमत एका पिझ्झाएवढी. विचारणारा बिचारा पार गोंधळतो. एक तर लेन्ससाठी वर्षभर साठवलेले पैसे नुकतेच संपलेले असतात. त्यात ‘फिल्टर नाही म्हणजे लँडस्केप नाही’ असं त्याला ठणकावून सांगितलं जातं.

माझं मत आधीच सांगून टाकते. वाइड लेन्ससाठी तुम्हाला एक फिल्टर लागतो, फार तर दोन. बाकीच्यांचे पैसे एसटीच्या तिकिटाला वापरा, दोन ट्रेक जास्त होतील. आणि तो जो एक फिल्टर घ्याल, तो कधी लावायचा यापेक्षा कधी काढून ठेवायचा, हे शिकायला जास्त वेळ द्या.

हे मत हवेतलं नाहीये. कुठलाही फिल्टर समोर आला की त्याला एकच प्रश्न विचारायचा : तुझं काम मला घरी येऊन कॉम्प्युटरवर करता येईल का? उत्तर ‘हो’ असेल तर फिल्टर दुकानातच राहू दे. ‘नाही’ असेल तरच खिशात हात घाला.

या प्रश्नावर एकेकाला उभं करून बघू.

रंगीत फिल्टर पहिल्याच फटक्यात बाद. केशरी संध्याकाळ, निळी पहाट हे सगळं व्हाइट बॅलन्सची एक पट्टी सरकवून होतं. कृष्णधवल फोटोसाठीचे पिवळे-लाल फिल्टरही तसेच. इथे एक गोष्ट आठवते. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स १० एप्रिल १९२७ रोजी योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्यासमोर उभा होता. आधी त्याने पिवळा फिल्टर लावून फोटो घेतला. मग त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला हा कडा जितका भव्य आणि गंभीर वाटतोय तितका या फोटोत येणार नाही. शेवटच्या काचेवर त्याने गडद लाल फिल्टर लावला. आकाश जवळजवळ काळं झालं आणि ‘मोनोलिथ’ हा त्याचा गाजलेला फोटो तयार झाला. आज तेच काम रंगीत फोटो कृष्णधवल करताना निळा रंग गडद केला की होतं, म्हणजे ॲडम्सचा लाल फिल्टर विकत घ्यायची गरज उरलेली नाही. पण त्याने केलेला विचार मात्र अजून कुठल्याच सेलमध्ये मिळत नाही. फोटोत मला नेमकं काय वाटायला हवंय, हे त्याने आधी ठरवलं आणि फिल्टर नंतर निवडला. आपण बरोब्बर उलटं करतो. आधी फिल्टर घेतो आणि मग तो वापरायला जागा शोधत फिरतो.

पुढचा नंबर यूव्हीचा. फिल्मच्या जमान्यात डोंगरावर अतिनील किरणांमुळे फोटोत धुरकटपणा यायचा, तो कमी करायला हा फिल्टर होता. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढेच हे किरण अडवायची सोय असते. मग आता उरलं काय? लेन्सची राखण. ती गरज मी नाकारत नाही. कोकणात खारे तुषार उडत असतील, ट्रेकमध्ये आडवा पाऊस असेल, तर फुगीर लेन्सपेक्षा सपाट काच पुसणं सोपं जातं. तेवढ्यापुरता लावा. पण समोर सूर्य असताना हीच जास्तीची काच फोटोत नको ते चमकणारे ठिपके आणते. शंभर रुपयांची काच हजारोंच्या लेन्सवर कायमची चढवून ठेवण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. रोजच्या वापरात लेन्सचं हूड राखणीचं काम बऱ्यापैकी करतं.

आता ग्रॅज्युएटेड एनडी, म्हणजे वरचा अर्धा भाग काळसर आणि खालचा पारदर्शक असलेला फिल्टर. आकाश झगझगीत, जमीन अंधारी. तर आकाशाला तेवढा चष्मा लावायचा, अशी ही कल्पना. समुद्रावर झकास चालते, कारण क्षितिज पट्टीने आखल्यासारखं सरळ असतं. पण हाच फिल्टर घेऊन रायलिंग पठारावर जा आणि समोरच्या लिंगाण्यावर धरून बघा. सुळका क्षितिजाच्या कितीतरी वर घुसलेला असतो. फिल्टरला काय माहीत, आकाश कुठे संपलं आणि लिंगाणा कुठे सुरू झाला? तो दोघांनाही सारखंच काळं करतो. सह्याद्रीत सरळ क्षितिज मिळणं तसं दुर्मीळच. सुळके, कडे, किल्ल्यांचे बुरूज काही ना काही वर येतंच, आणि वाइड लेन्समध्ये तर झाडं-माणसंसुद्धा क्षितिज ओलांडतात. त्यापेक्षा ट्रायपॉडवरून दोन फोटो घ्या. एक आकाशाचा उजेड धरून, दुसरा जमिनीचा. घरी दोन्ही जोडा. अनेक वेळा तर रॉ फाइलमधला एकच फोटोही पुरतो. हा फिल्टर घ्यायचाच असेल तर निदान गोल, आट्यांचा घेऊ नका. त्यात काळ्या-पारदर्शक भागांची सीमा मधोमध पक्की असते, म्हणजे प्रत्येक फोटोत क्षितिज मध्यावरच ठेवायची सक्ती.

‘पण दोन फोटो जोडणं म्हणजे चीटिंग नाही का?’ मासकॉमला असल्यामुळे हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. माझं म्हणणं असं, की एकाच जागेवरून, एकाच मिनिटात घेतलेले दोन फोटो जोडून डोळ्यांना दिसलं तेच दाखवलं, तर त्यात फसवणूक नाही. दुसऱ्या दिवशीचं आकाश आणून चिकटवलं, तर आहे. आणि फिल्टर म्हणजे प्रामाणिकपणा, सॉफ्टवेअर म्हणजे लबाडी, अशी वाटणीही खरी नाही. काचेचा फिल्टरही समोर असलेलं काहीतरी लपवतोच. स्पर्धेचे किंवा पेपरचे नियम वेगळे असतील तर ते पाळायचे, विषय संपला.

आता राहिले दोघं. पोलरायझर आणि एनडी. खरी मॅच यांच्यात आहे.

पोलरायझर म्हणजे ग्रुपवरचा सीपीएल. यातल्या ‘सर्क्युलर’चा अर्थ गोल असा नाही बरं का! आतल्या पोलरायझिंग थरामागे आणखी एक थर असतो. आरशाच्या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस आणि मीटर गोंधळू नये म्हणून तो प्रकाशाला पुन्हा फिरवून पुढे सोडतो. आपल्याला इतकंच लक्षात ठेवायचंय, की हा फिल्टर ओल्या पानांवरची, कातळावरची, पाण्यावरची चमक काढतो. पावसात भिजलेलं रान फोटोत हिरवं न येता पांढुरकं येतं, ते या चमकेमुळे. ती चमक पानाचा रंगच झाकून टाकते. तो रंग कॅमेऱ्यापर्यंत पोचलाच नाही, तर घरी कुठून आणणार? सॅच्युरेशन कितीही ओढा, चमक फक्त हिरवट होईल. म्हणून आपल्या प्रश्नाला ठाम ‘नाही’ असं उत्तर देणारा हा एकटाच. सह्याद्रीत पावसाळ्यात काम करणारा फिल्टर कुठला, असं विचाराल तर हाच.

पण, आणि हा ‘पण’ वाइडवाल्यांसाठी फार मोठा आहे. निळं आकाश सगळीकडे सारखं पोलराइज्ड नसतं. सूर्यापासून ९० अंशांवर एक पट्टा असतो, तिथे परिणाम सगळ्यात जास्त. सूर्याच्या दिशेला आणि त्याच्या बरोब्बर विरुद्ध दिशेला जवळजवळ शून्य. साध्या किट लेन्सच्या १८ एमएमला आडवा साधारण ६५ अंशांचा देखावा मावतो, तिथे हा फरक बऱ्याचदा खपून जातो. पण त्याच कॅमेऱ्यावर १० एमएमची वाइड लेन्स लावली की जवळपास १०० अंश येतात. म्हणजे एकाच फोटोत आकाशाचा एक भाग शाईसारखा गडद आणि बाजूचा फिक्कट. कुणीतरी मधोमध शाई सांडल्यासारखा डाग. तो घरी नीट काढणं महाकर्मकठीण.

हे आधीच ओळखायची एक फुकट युक्ती आहे. तर्जनी सूर्याकडे रोखा आणि अंगठा तिच्याशी काटकोनात ताठ धरा. आता मनगट फिरवा. अंगठा जिथे जिथे जाईल तो आकाशाचा सगळ्यात गडद होणारा पट्टा. तो तुमच्या चौकटीतून आडवातिडवा जात असेल, तर फिल्टर थोडाच फिरवा, किंवा सरळ काढून बॅगेत टाका, किंवा कॅमेरा खाली झुकवून आकाश कमी करा.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा घ्या. कडा पश्चिमेला तोंड करून आहे. संध्याकाळी सूर्य समोर, म्हणजे आकाशावर पोलरायझरचा उपयोग नगण्य. सकाळी सूर्य पाठीमागे, तेव्हाही तेच. तिथे मावळतीला हा फिल्टर लावून ‘आकाश का बदलत नाही’ म्हणून तो गरागरा फिरवणारे कितीतरी असतात. फिल्टर बिघडलेला नसतो, फक्त दिशा चुकलेली असते. उलट कास पठारावर ढगाळ सकाळी आकाशाला काही फरक पडणार नाही, पण दवाने चमकणारी पानं आणि फुलं याच फिल्टरने खुलतील. फक्त वाइडने फुलं मोठी दिसायला कॅमेरा अगदी जवळ न्यावा लागतो, म्हणून वाट सोडून फुलांत शिरू नका. आणि हो, इंद्रधनुष्य दिसलं तर सावधान! त्याचा प्रकाशही पोलराइज्ड असतो. फिल्टर एका बाजूला फिरवलात तर कमान गायब, दुसऱ्या बाजूला फिरवलात तर ठसठशीत.

आता एनडी. हा काळा चष्मा फक्त उजेड कमी करतो, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं. ३ स्टॉपचा असेल तर वेळ ८ पट, ६ स्टॉपचा ६४ पट, १० स्टॉपचा साधारण १००० पट. काम घरी करता येईल का? अर्धवट ‘हो’. ट्रायपॉडवरून एकामागून एक २० फोटो घेऊन ते सॉफ्टवेअरमध्ये सरासरीने मिसळले, तर पाणी बऱ्यापैकी तसंच मऊ दिसतं. काही फोनही आतल्या आत हेच करतात. म्हणून माझ्या यादीत एनडी दुसरा, तोही ‘हवाच असेल तर’.

खरं तर आपल्याकडे पावसाळाच एनडीचं काम करतो. हिशोब बघा. लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि अॅपर्चर एफ १६ असताना शटर साधारण १/१०० सेकंद येतं. दाट ढग आले की उजेड ३ स्टॉपने उतरतो, म्हणजे १/१२ सेकंद. त्यावर पोलरायझर लावा, तो स्वतःच दीड-दोन स्टॉप उजेड खातो. झालं पाव सेकंदाच्या आसपास! धबधब्याच्या धारा मऊ व्हायला एवढं पुरतं. ओढा झाडीत असेल तर अख्खा सेकंदही मिळेल. एक फिल्टर, दोन कामं.

आणि प्रत्येक पाणी मऊ करायलाच हवं, हे कुणी ठरवलं? नाणेघाटातला उलटा धबधबा बघितलाय? खालून येणारा वारा पाण्याला वर फेकतो. तिथे शटर लांबवलंत तर वर जाणारे थेंब पुसले जातात आणि उरतो नुसता पांढरा धूर. ज्यासाठी पहाटे उठून तिथवर गेलात तेच फोटोत नाही. तिथे १/१००० सेकंद हवा, फिल्टर नकोच. कोकणातल्या किनाऱ्यावर संध्याकाळी शटर १/६० येत असेल, तर ६ स्टॉपने ते साधारण १ सेकंद होतं आणि मागे सरणाऱ्या लाटेच्या सुंदर रेघा मिळतात. १० स्टॉपने १७ सेकंद होतं आणि समुद्राचं धुकं होतं. काहींना ते आवडतं, त्यांनी खुशाल करावं. पण मला त्यात हरिहरेश्वर आणि जगातला कुठलाही समुद्र सारखाच दिसायला लागतो. माझ्या मते खरं नुकसान पैशांपेक्षा हे आहे. आपल्या जागांचा स्वभाव निघून जातो आणि सगळ्यांचे फोटो एकाच साच्यातून काढल्यासारखे होतात. म्हणून एनडी घ्यायचाच तर ६ स्टॉपचा घ्या.

रील्समधला लाडका ‘व्हेरिएबल एनडी’ मात्र वाइडवर टाळा. तो मुळात दोन पोलरायझर एकमेकांवर फिरवून बनतो. जास्त काळा करायला गेलात की वाइड फोटोत मोठ्ठी काळी फुली उमटते.

दुकानात जाल तेव्हा काही गोष्टी तपासा. लेन्सची पुढची काच फुगीर असेल तर तिला आट्यांचा फिल्टर बसतच नाही. निकॉनची १४-२४ एमएम एफ २.८ ही जुनी डीएसएलआर लेन्स तशीच होती. तुमच्याकडे दोन लेन्स असतील तर मोठ्या लेन्सच्या मापाचा एकच फिल्टर घ्या आणि छोटीसाठी स्टेप-अप रिंग वापरा. रिंग शे-दोनशेला मिळते, दुसरा चांगला फिल्टर हजारोंना. फक्त मग छोट्या लेन्सवर हूड बसणार नाही. फिल्टरची कड पातळ हवी, कारण जाड कड वाइड फोटोच्या कोपऱ्यात डोकावते. यूव्हीवर पोलरायझर, त्यावर एनडी अशी इमारत तर उभारूच नका. घरी पांढऱ्या भिंतीसमोर लेन्स सगळ्यात वाइड करून एफ ११ ला फोटो घ्या, कोपरे काळे पडतात का ते लगेच कळेल.

स्वस्तातला ‘सीपीएल’ नुसतीच काळी काच तर नाही ना? फिल्टर जसा लेन्सवर बसतो तसाच डोळ्यासमोर धरून त्यातून लॅपटॉपच्या स्क्रीनकडे बघा आणि फिरवा. स्क्रीन काळी झाली तर खरा. नाही झाली तर दुकानदाराला हसून परत द्या. सेकंडहँड घेताना तर हे कराच, आणि काचेवर ओरखडे आहेत का तेही उजेडात बघा.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. वाइड लेन्समध्ये लांबचं सगळं बारीक दिसतं, म्हणून माणूस नकळत एकेक पाऊल पुढे सरकतो. त्यात हातात फिल्टर, डोळा कॅमेऱ्याला, पायाखाली शेवाळ. कड्याच्या टोकावर किंवा ओढ्यातल्या दगडावर उभं राहून फिल्टर बदलू नका. मागे या, बसा, बदला, मग पुढे जा. हातातून निसटला तर निसटू दे, त्याच्यामागे झेपावायचं नाही. वर डोंगरात पाऊस वाढला की ओढ्याचं पाणी बघता बघता चढतं, तेव्हा ‘अजून एकच लाँग एक्स्पोजर’ हा हट्ट सोडायला शिका. फिल्टर पुढच्या महिन्यात पुन्हा घेता येईल.

तुमचं मत वेगळं असू शकतं. कुणाला काचेचा फिल्टर लावून जागेवरच फोटो पूर्ण करण्यात मजा वाटते, कॉम्प्युटरसमोर बसणं नको असतं. मान्य आहे. माझा आक्षेप एवढाच, की फर्स्ट इयरच्या पोराला ‘हे सगळं असल्याशिवाय तू लँडस्केप करूच शकत नाहीस’ असं सांगू नका. ते खरं नाही, आणि त्यामुळे कित्येक कॅमेरे कपाटातच राहतात.

तर या रविवारी एक करा. घरात कुणाचा तरी पोलराइज्ड गॉगल असेल तो मागून घ्या. तो पोलराइज्ड आहे का, ते वर सांगितलेल्या लॅपटॉपच्या युक्तीने तपासा. मग पाऊस पडून गेल्यावर जवळच्या टेकडीवर, तळ्याकाठी किंवा कॉलेजच्या मागच्या झाडीत जा. गॉगल लावून मान एकदा या खांद्याकडे, एकदा त्या खांद्याकडे कलती करा. पानांवरची चमक जाताना-येताना दिसेल, डबक्याचा तळ दिसेल, आकाशातला तो गडद पट्टाही सापडेल. लोक थोडे विचित्र नजरेने बघतील, बघू देत. अर्ध्या तासानंतरही ‘हे मला माझ्या फोटोत हवंय’ असं वाटलं, तर सोमवारी दुकानात जा आणि एकच पोलरायझर मागा. नाही वाटलं, तर तुमचे पैसे वाचले आणि एक छान फेरफटका झाला.